एका साच्याची कुलपं

राहात्याच्या बाजारात कुलपं घडवणाऱ्या कानिफनाथ लोहारांचा राधाकृष्ण १९७३ साली पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. त्या यंत्राला दोन मेंदू होते. दोघांनी एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालू नये म्हणून राधाकृष्णनं प्रोग्राममध्ये कुलूप लिहिलं. कुलूप लागलेलं दिसलं, की दुसऱ्यानं तिथंच थांबून ते उघडलं का, हे पुन्हा पुन्हा बघायचं. संस्थेतला जो तो आपापलं कुलूप लिहून घोळ घालायचा, म्हणून त्यानं आपलं कुलूप ज्यांवर भोकं पाडून लिहिलं होतं, त्या कार्डांचा गठ्ठाच सगळ्यांना वाटला.

आठवड्याभरात यंत्र रखडायला लागलं. साहेबांनी चारचौघांत सुनावलं, "तुझ्या कुलपानं घात केला."

रविवारी राधाकृष्ण गावी आला तो धुमसतच. पिशवी आदळून त्यानं तोंड सोडलं.

"आण्णा, गाढवं हायेत सगळी! प्रिंटर, टेप, डिस्क, सगळ्याला मिळून एकच कुलूप! प्रिंटर चालला की बाकीचं ताटकळत बसतंय. एका साच्याची कुलपं वाटली, म्हणून अख्ख्या बाजाराला एकच लावायचं व्हय? अक्कल गहाण टाकलीय भडव्यांनी!"

कानिफनाथांनी हातातली कानस थांबवली.

"कंचं कुलूप लावायचं, ते तुज्या कार्डात कुटं सांगायचं?"

"सांगायचं कशाला? कुलूप मीच आत लिहून ठेवलंय, सगळ्यांना तेच..."



"म्हंजी तू साचा दिलाच न्हाईस," आण्णा म्हणाले, "एकुलतं एक कुलूप दिलंस. आन् शिव्या त्यास्नी?"