मास्तरांचा गज आणि खारूची वही

तयार कपड्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षे कापड कापणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत असत. मास्तरांना एक अक्षरही वाचता येत नव्हते. हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होते. तरी कोणी बोलून दाखवत नसे, कारण मास्तरांच्या कात्रीला आणि जिभेला सारखीच धार होती. निवृत्तीनंतर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते प्रौढांच्या वर्गात जाऊन बसले आणि दीड वर्षात लिहायला-वाचायला शिकले. त्यामुळे नात पहिलीत गेली तेव्हा तिला शिकवण्याचा मान आपला आहे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

त्यांच्या मुलाला हा मान मान्य नव्हता. तो दुकानांच्या पाट्या रंगवत असे आणि त्याच्या अक्षराला शहरात नाव होते. "बाबा, तुमची स्वतःची शाई अजून वाळलेली नाही," तो म्हणे. "तुम्ही कोणाला शिकवताय?"

नातीला घरात खारू म्हणत, कारण ती काहीही खाताना दोन्ही हातांत धरून कुरतडत असे. लिहिताना मात्र ती एकच हात वापरी, आणि तो डावा. नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून तिची मूठ मागोमाग घसरत जाई. ओळ फरफटून निघे आणि करंगळीची कड शिशाने काळी होई. शाळेतल्या बाईंनी वहीवर लाल शाईने 'घाण' असा शेरा मारला आणि निरोप धाडला की, तीन आठवड्यांनी होणाऱ्या शुद्धलेखनाच्या परीक्षेत पाच स्वच्छ ओळी लिहिता आल्या नाहीत, तर मुलीला पुन्हा बालवर्गात बसवण्यात येईल.

त्या दिवसापासून मुलगा खारूला उजव्या हाताने लिहायला बसवू लागला. सहाव्या संध्याकाळी मास्तर फिरून आले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवलेला होता. रंगाची कड सरळ यावी म्हणून रंगारी वापरतात, तीच ती कागदी पट्टी. तिच्याच वेढ्यांनी खारूच्या डाव्या हाताची बोटेही गुंडाळली होती. उजव्या हातात पेन्सिल धरून ती मुकाट बसली होती. तिच्या हनुवटीवरून थेंब कागदावर पडत होते.

"सोड तिचा हात," मास्तर मुलाला म्हणाले.

"का? तुम्ही माझा सोडला होता?"

मुलगाही लहानपणी डावखुरा होता. कारखान्यातल्या साऱ्या कात्र्या उजव्या हाताच्या. डावखुऱ्या पोराला उद्या कोण कापायच्या टेबलाशी उभे करील, या काळजीने त्यांनी सात वर्षांच्या त्या मुलाच्या डाव्या हातावर कापड मोजायचा लाकडी गज चालवला होता. एकदा नव्हे, वर्षभर. गज अजून कपाटामागे उभा होता.

"तेव्हा मी अडाणी होतो," ते अखेरीस म्हणाले.

"अडाणी होता, पण नेम चांगला होता." मुलाने पट्टीचा आणखी एक तुकडा फाडला. "आणि माझं काय बिघडलं? उजव्या हाताने पाट्या रंगवतो. भिंत काय माझ्यासाठी फिरणार आहे? हातालाच वळण लावावं लागतं."

"ती भिंतीवर लिहीत नाही. कागदावर लिहिते. कागद फिरतो."

सून हातातले भांडे आपटून बाहेर आली. "सहा दिवस यांचा उजवा हात बघितला. ओळ एक नाही, आणि पोरगी झोपेत दचकते. आता बाबांना बघू द्या. दोघांना नाही जमलं, तर मग मी दोघांकडे बघते." तिने कोमट पाण्याने खारूची बोटे मोकळी केली. मुलगा जेवला नाही.

कारखान्यात नवा माणूस आला की मास्तर त्याला पहिल्याच दिवशी बजावत: मनगट मोडू नकोस, एक तर कापड वळव, नाही तर स्वतः वळ. आता तोच धडा त्यांनी वहीला लावला आणि पहिल्याच दिवशी सपशेल आपटले. वही त्यांनी स्वतःच्या सवयीप्रमाणे डावीकडे कलती ठेवली. खारूचे मनगट बदकाच्या मानेसारखे वाकडे झाले आणि ओळ पूर्वीपेक्षा काळी आली.

"वा, मास्तर," मुलगा जाता जाता म्हणाला. "घाण होती, आता चिखल झाला."

दुसऱ्या दिवशी खारू शाळेत गेल्यावर मास्तरांनी पेन्सिल आपल्याच डाव्या हातात धरली आणि दुपारपर्यंत लिहीत बसले. अक्षरे त्यांच्या प्रौढवर्गातल्या पहिल्या दिवसासारखी उमटली. वही ते थोडी थोडी फिरवत राहिले. ती उजवीकडे कलली आणि अंगासमोरून किंचित डाव्या बाजूला सरकली, तसा हात ओळीच्या खाली आला आणि लिहिलेले उघडे राहिले. शिंप्याच्या खडूने त्यांनी टेबलावर वहीची जागा आखली. पेन्सिलीला टोकापासून दोन बोटांवर दोरा गुंडाळला. बोटे त्याच्या खाली उतरायची नाहीत.

शिरोरेषेने मात्र दोन दिवस छळले. डाव्या हाताने ती पुढे ढकलताना टोक रुते आणि कागद फाटे. मास्तर म्हणाले, "उजवीकडून ओढ." खारूने ओढली. रेघ सरळ आली.

"शिरोरेघ उलटी?" दारातून मुलाचा आवाज आला. "उद्या हिला पायांनी जेवायला शिकवाल."

"खडूची रेघ कुठूनही ओढली, तरी शिवण सरळ आली म्हणजे झालं," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"बाबांना आवडली नाही का रेघ?" खारूने विचारले.

"रेघ आवडली. मी आवडत नाही. तू लिही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते शाळेत गेले आणि खारूला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारणीचे कोपर लागणार नाही, असे म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "आजोबा, आपण शिक्षक होता का?"

"नाही. नुसतंच मास्तर म्हणतात."

"बाकाचं मी ठरवते."

"बाक तुमचाच आहे, बाई. कोपर तिचं आहे."

बाईंनी तोंड वाकडे केले. पण दुसऱ्या दिवशी खारू डाव्या टोकाला बसली. तिने पाच ओळी लिहिल्या. वही घरी आली तेव्हा लाल शाईने एवढाच शेरा होता: 'ठीक.' तिला बालवर्गात पाठवले गेले नाही.

मुलाने त्या ओळी उभ्यानेच वाचल्या. करंगळी फिरवून शिसे पसरले आहे का, तेही पाहिले. नंतर वही मिटून तो वडिलांकडे वळला. "तिच्यासाठी कागद फिरवलात," तो म्हणाला. "माझ्यासाठी गज उचललात. तेव्हाही कागद फिरत होता." त्यानंतर त्याने वडिलांशी बोलणे बंद केले.

घर लहान होते आणि निरोप तर द्यावे लागतातच. खारू ते चिठ्ठीवर लिहून पोहोचवू लागली. 'आजोबांना सांग, शिडी हलवू नका.' 'बाबांना सांग, रंगाचे डबे दारातून काढ.' टेबलावरच्या खडूच्या खुणेवर चिठ्ठी तिरपी ठेवून ती लिहीत असे. दोन महिन्यांत तिचे अक्षर वर्गात पहिल्या तिघींत गणले जाऊ लागले. एवढा सराव कोणत्याही शाळेने करून घेतला नसता.

मग एके सकाळी मास्तरांनी एक चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली. तिला बराच वेळ लागला. 'तुझ्या हातावर गज मारला ते माझे चुकले.' गज त्यांनी कपाटामागून काढून चिठ्ठीशेजारी ठेवला आणि ते गच्चीवर जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी खारू उत्तर घेऊन आली. बाबांनी सांगितलेला एकच शब्द तिने डाव्या हाताने, स्वच्छ लिहिला होता: 'वाचले.'

"आणि गज?" मास्तरांनी विचारले.

"बाबा म्हणाले, तो आता त्यांच्याकडे राहील."