डावा कौल

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा जावई दर रविवारी गाडी काढून कुठल्यातरी खेड्यातलं जुनं चर्च दाखवायचे. लहानसं, दगडी, शेताच्या कडेला एकटंच उभं. कुलूप नाही. 'पाखरं आत शिरतात, दार ओढून घ्या' एवढी पाटी. तिसऱ्या चर्चमध्ये फुलं बदलायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला एक खांब दाखवला. खालून कुजला होता. कुजका तेवढाच कापून नवं लाकूड जोडलं होतं. सांध्यावर ठेवलेला हात मला उचलवेना.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?" लेकीनं विचारलं.

"चल," म्हणालो. खरं आज लिहितो.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथल्या देवळाला सागाचे चार खांब होते. मी महाडला मास्तर, म्हणून देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. जुनं पाडून स्लॅब टाकायचं खूळ माझंच. एकटे चुलते आडवे आले. "कुजलाय एकच खांब, त्यो पन खालून. तेवढा जोडा की रे!"

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पाडायला होकार, डावी पडली तर नकार. गुरव डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होता, गाभाऱ्यात निरांजन धरून मी. बाकी सगळे बाहेर.

डावी पडली.

मी ती उचलून परत चिकटवली, बोटानं उजवी पाडली आणि ओरडलो, "उजवा!"

जुनं देऊळ पाडून स्लॅब टाकला, खाली लाद्या बसवल्या. त्यानंतर चुलते देवळाची पायरी कधी चढले नाहीत.

इंग्लंडहून परतल्यावर वाडीवर गेलो. चुलते आता खाटेवरच असतात. सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे देव माज्या बाजूनं होता?"

"होय."

"आनि मी येवढी वर्सं त्याच्याशी अबोला धरला."

"मी उचलून नेतो तुम्हाला. आत्ता."

"कुठं? त्या लाद्यांवर?" मग म्हणाले, "खांब हायत का रे कुठं?"

कलश चढवला त्या दिवशीच्या जेवणाला आचाऱ्यानं ते चुलीत घातले होते. तेही सांगितलं.

"मी जेवाया आलो नाय, बरं झालं," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

काकू चहा घेऊन आल्या. "काय बोललास रे त्यांना?"

मी कप हातात घेऊन बसून राहिलो. उठावं की थांबावं, कळेना.