साडूंची आवळासुपारी

पृथ्वीच्या पाठीवर आजवर कोणीही कुठलंही काम बरोबर केलेलं नाही, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. यात मी आलो, माझी बायको आली, सिडनीची मेट्रो बांधणारे आले आणि ज्या सर्जनने त्यांचा गुडघा दुरुस्त केला तोही आला. भूल उतरता उतरता त्याला टाके कसे घालायला हवे होते हे सांगणारा पेशंट त्या बिचाऱ्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. साडू मूळचे पुण्याचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर. ऑस्ट्रेलियात येऊन सगळी नोकरी पूल तपासण्यात गेली. समोर काहीही आलं की याला तडा कुठे जाणार हे आधी बघायचं, ही डोळ्यांची सवयच होऊन बसली. आता रिटायर होऊन सिडनीच्या कॅसल हिलला घरी असतात, त्यामुळे पूल सुटले आणि माणसं सापडली.

पेंडल हिलच्या देशी दुकानांत त्यांच्याबरोबर वाणसामान आणायला जाणं म्हणजे हौसेने संकट ओढवून घेणं. स्वतःची भेंडी तर निवडतातच, पण शेजारच्या अनोळखी बाईच्या पिशवीतली भेंडीही काढून, टोक मोडून, ती कशी जून आहे हे तिला दाखवतात. दुकानदार आता हे दारात दिसले की ‘अंकल, आप बैठो, चाय पियो’ म्हणत त्यांना गल्ल्याजवळच्या खुर्चीत डांबतो. शेजारचा गोरा बार्बेक्यूवर सॉसेज परतायला लागला, की हे जन्माचे शाकाहारी कुंपणावरून त्याला आच कमी करायला सांगतात. तो ‘नो वरीज, मेट’ म्हणतो. साडूंना ते पुढच्या सूचनेचं आमंत्रण वाटतं.

या माणसाला गप्प करायचा एकच उपाय आहे आणि तो त्यांच्या आईने लहानपणीच करून ठेवलाय. तोंडात घास असताना बोलायचं नाही. हा नियम साडू आजही पाळतात. जेवताना कोणी कितीही डिवचलं तरी आधी घास गिळणार, मग त्याचा समाचार घेणार. ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, अख्खा संसार या एका नियमावर रेटला. त्यांच्या पर्समध्ये आवळासुपारीची डबी कायम असते. कोणाचा नवा जावई गाडी पार्क करायला लागला, की ताई चिमूटभर सुपारी साडूंच्या तळहातावर ठेवतात. जावई वाचतो.

गोल्फचं वेड त्यांना सिडनीत आल्यावर लागलं. मी गोल्फच्या काठ्यांना काठ्या म्हणतो आणि ते दर वेळी ‘क्लब’ म्हणून दुरुस्त करतात. दसऱ्याला गॅरेजमध्ये त्या काठ्यांची पूजा होते: हळदकुंकू, झेंडू, पुढे पेढा. इतकी सेवा करूनही त्यांनी मारलेला बॉल कुठे जाईल हे खुद्द बॉललाही ठाऊक नसतं. देणगी होती ती त्यांच्या मुलाला, अमेयला. पोरगं लहान असल्यापासून त्याने मारलेला बॉल सुतासारखा सरळ जायचा. दर शनिवारी साडू त्याला म्युनिसिपल कोर्सवर न्यायचे आणि पहिल्या फटक्यापासून शेवटच्या होलपर्यंत त्याच्या मागे उभे राहून सुरू: मान खाली, खांदा सैल, कोपर सांभाळ, घाई नको. प्रेमापोटीच हो सगळं, पण माशीसुद्धा प्रेमानेच कानाशी येत असेल. शाळेच्या शेवटच्या वर्षी एका स्पर्धेत, ऐन खेळात, अमेयने बॅग गवतावर ठेवली, ‘यू प्ले, बाबा’ म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर त्याने क्लबला हात लावला नाही. साडूंनी ती बॅग गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली आणि दसऱ्याला आपल्या बॅगेबरोबर तिलाही कुंकू लावत राहिले. त्याबद्दल मात्र हा माणूस कधी अवाक्षर बोलला नाही.

पुढे अमेय पवनचक्क्यांचा इंजिनिअर होऊन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला गेला. रविवारी फोन यायचा. आईशी मनसोक्त गप्पा आणि बाबांशी हवामान. गेल्या वर्षी बोलता बोलता तो आईला म्हणाला, की इथे समुद्राकाठी एक छोटा गोल्फ कोर्स आहे, कोणाला फारसा माहीत नाही, मेंढ्या चरतात त्यावर, आणि अलीकडे कामावरून आल्यावर मी रोज थोडा खेळतो. साडू भांडी पुसत ऐकत होते. आठवड्याभरात त्यांनी तिकिटं काढली. मेलबर्नहून मला आणि माझ्या बायकोलाही ओढलं, कारण एकट्याने मुलासमोर उभं राहायचा त्यांना धीर नव्हता. असं ते म्हणाले नाहीत. चौघं असलं की टॅक्सी परवडते असं म्हणाले.

एवढ्या लांब जायचं तर नावाजलेला कोर्स बघावा, असं मी सुचवलं. त्यावर मला लिंक्सवर व्याख्यान मिळालं. लिंक्स म्हणजे समुद्राकाठची वाळूची, झाड नसलेली, वाऱ्याने घडवलेली जमीन. आमच्या कोकणात अशा जागेवर सुरूची बाग असते आणि माणसं शहाळं पितात, पण असो. प्रत्यक्षात तो कोर्स निघाला मोठा गोड. डावीकडे समुद्र, मध्ये हिरवळ, तिच्यावर मालकीणबाईंसारख्या फिरणाऱ्या मेंढ्या, आणि त्यांनी ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, खाऊ नये म्हणून प्रत्येक ग्रीनभोवती तारेचं कुंपण. क्लबहाऊस आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाएवढं. तिथल्या सेक्रेटरी आजीबाईंनी पाहुणे म्हणून आम्हाला चहा दिला आणि एक गोष्ट बजावून सांगितली: शेवटच्या ग्रीनवर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, चढ कसाही दिसला तरी बॉल समुद्राकडेच पळतो. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. साडूंनी नाही ऐकलं, कारण ते त्यांना चहा किती वेळ मुरवावा हे समजावत होते.

बाहेर आल्यावर साडूंनी गाडीच्या डिकीतून अमेयची ती बॅग काढली. सिडनीहून इथवर आणली होती आणि आम्ही ती त्यांचीच समजत होतो. अमेयने ती हातात घेतली. तिच्या पट्ट्यावर कुंकवाचे थरावर थर होते. त्याने नखाने थोडं खरवडलं, बोटाकडे पाहिलं आणि बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात साडूंनी ताईंसमोर हात पसरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून डबी मागून घेतली. चिमूट तोंडात टाकली आणि डबी खिशात ठेवली. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्या दिवशी मी काय पाहिलं ते सांगून कोणाला खरं वाटणार नाही. अमेय फटका मारायला उभा राहिला, की साडूंचा हात खिशात जायचा. सुपारी चघळताना त्यांचा जबडा असा हलायचा की शेजारच्या मेंढीत आणि त्यांच्यात फरक कळू नये. एकदा वाऱ्याने अमेयचा बॉल उंच गवतात नेला. साडूंचा हात वर गेला, बोट पुढे आलं, आणि मग त्या बोटाने त्यांनी आपला कान खाजवला. पुढे मात्र तोंडातली सुपारी संपली आणि दुसरी चिमूट घेईपर्यंत त्यांना अगदीच असह्य झालं. ते बाजूला एका मेंढीपाशी गेले आणि हळूच तिला म्हणाले, “खांदा लवकर उघडतोय त्याचा.” मेंढी चरत राहिली. यांना जरा बरं वाटलं.

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी सारखी धाकधूक होती. एक शब्द निसटला की पोरगं पुन्हा बॅग ठेवून चालू पडेल, आणि या खेपेला ते राहतंय जगाच्या दुसऱ्या टोकाला. आणि शेवटच्या होलजवळ साडूंनी मला डबी उघडून दाखवली. रिकामी. मी च्युइंगम पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते परत खिशात घातलं.

ग्रीनवर अमेयचा बॉल होलपासून चारेक पावलांवर होता. साडू कुंपणाला पाठ लावून, ओठ घट्ट मिटून उभे होते. अमेय वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग वळला आणि म्हणाला, “व्हॉट डू यू रेकन, बाबा? लाइन सांग ना.”

साडू कुंपण सोडून पुढे आले. मग तो दुरुस्त केलेला गुडघा हिरवळीवर टेकवून खाली बसले, एक डोळा मिटला, आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, “डावीकडून घे. थोडीशीच.” आजीबाईंचे शब्द मला लख्ख आठवले. समुद्र डावीकडेच होता. पण मी तोंड उघडण्याआधी अमेयने मान डोलावली आणि बॉल बरोब्बर डावीकडून सोडला. तो होलकडे न बघता ग्रीनवरून खाली घरंगळत थेट तारेशी जाऊन थांबला.

“माय बॅड,” अमेय म्हणाला. “जोर जास्त झाला.”

साडू गुडघा सावरत उठले. “नाही रे,” ते म्हणाले. “तू बरोबर मारलास. लाइन माझी चुकली.”

ताईंनी चटकन समुद्राकडे तोंड फिरवलं. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. ‘बरोबर’ हा शब्द साडूंच्या तोंडून कोणासाठी निघालेला आम्ही कोणी ऐकला नव्हता.

नंतर चहाच्या वेळी साडू पुन्हा आजीबाईंच्या किटलीमागे लागले, तेव्हा मी अमेयला बाजूला घेतलं आणि विचारलं, अरे, तू रोज खेळतोस इथे, तुला माहीत नव्हतं बॉल कुठे जाणार ते? “ऑफ कोर्स माहीत होतं, काका,” तो म्हणाला. “पण मला बाबाला कधी विचारायलाच मिळालं नव्हतं. तो आधीच सांगायचा.”

परवा दसऱ्याला आम्ही कॅसल हिलला होतो. साडूंनी मला झेंडूची माळ कशी चुकीची ओवतोय ते सांगितलं, गाडी वाकडी लावली ते सांगितलं. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. गॅरेजमध्ये आता एकच बॅग आहे, पण माळा त्यांनी सवयीने दोन केल्या. दुसरी त्यांनी त्या मोकळ्या खिळ्यालाच अडकवली. इतक्यात फोन वाजला. अमेय हल्ली आपल्या खेळाचे व्हिडिओ पाठवतो. साडूंनी चष्मा लावला, खिशातून डबी काढली, चिमूटभर सुपारी तोंडात टाकली आणि मगच व्हिडिओ सुरू केला.