लाल एकही नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आत्ता लिहितानाही एक डोळा दाराकडे आहे.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याचा ताठा आहे मला, नाही कशाला म्हणू? रत्नागिरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर मी सांभाळतो. पेशंटच्या मोबाईलवर लिंक जाते, ती दाबली की रिपोर्ट उघडतो. सर्व्हरला कुठे भोक आहे का, हे आपोआप शोधणारा स्कॅनर मी दर महिन्याला चालवायचो. सगळं हिरवं आलं की डॉक्टरांना सांगायचो, "सर, लाल एकही नाही." ते म्हणायचे, "म्हणून तर तुला ठेवलाय!" — आणि माझी छाती फुगायची.

पण स्कॅनर म्हणजे पडवीत बसून चहा पिऊन जाणारा पाहुणा. माजघरातलं त्याला काय कळणार? जुनं सॉफ्टवेअर, उघडं राहिलेलं दार — तेवढं तो बरोब्बर दाखवतो. रिपोर्ट कोणाचा नि बघतोय कोण, हे त्याला कळत नाही. ते मला कळायला हवं होतं.

आणि कळलं होतं. हेच तर सांगायचंय —

एकदा आईचा रिपोर्ट बघताना लिंकमधला शेवटचा आकडा सहज बदलला. समोर भलत्याच बाईचा रिपोर्ट! पासवर्ड नाही, काही नाही. गार पडलो. डॉक्टरांना काय तोंड दाखवू? गप्प बसलो. सवडीने बुजवू म्हटलं.

गणपतीच्या आधी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा रिपोर्ट मुलाकडच्यांच्या मोबाईलवर पोचला होता. तिचा भाऊ लॅबमध्ये येऊन रडला — ओरडला असता तर बरं झालं असतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "सर्व्हर स्वच्छ आहे, सर. बाहेरून शक्यच नाही."

मग आतून कोण? काउंटरवरची रेश्मा. रिपोर्ट छापायची ती. त्याच दुपारी डॉक्टरांनी तिला काढलं. संध्याकाळी मी भोक बुजवलं, पुन्हा स्कॅनर चालवला. हिरवं. भोक होतं तेव्हाही हिरवंच होतं.

रेश्मा आता एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात असते. मी लांबून वळून जातो. परवा बाकीची दुकानं बंद, झेरॉक्सला तिथेच जावं लागलं. तिनेच विचारलं, "काय ओ दादा, ओळख विसरलात? तुम्ही कम्प्युटरवाले ना — कोणी केलंन ते, कळलं काय कधी?"

"नाही गं," म्हटलं. तिने माझे कागद नीट सारखे करून हातात दिले.

मला माहीत होतं. ती समोर उभी होती तेव्हाही माहीत होतं.