सी बिंदू म्हशीमागे गेला

कळसाडीत कपाशी चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या सारख्या अंतरावर, लावायची असली की सुपडू आप्पांना बोलावतात. शिक्षण चौथी, वय सत्तरीजवळ, खांद्यावर दर मीटरला गाठ मारलेली दोरी. दोरी ताणल्याशिवाय आप्पांचा कशावरच विश्वास बसत नाही. मुलीची सोयरीक ठरली तेव्हा नवऱ्या मुलाची उंचीही त्यांनी याच दोरीने मोजली, असं त्यांची बायको सुंदरबाई शपथेवर सांगते.

माझी चेतना दहावीला. तिचं नेमकं उलटं. उत्तर डोक्यात काढते आणि वहीत एक ओळ लिहून मोकळी होते. सरांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सांगितलं, सोमवारी पायऱ्या दिसल्या नाहीत तर गृहपाठाचे गुण शून्य. तेव्हापासून मला घास गिळवत नव्हता.

रविवारी ती ओट्यावर मोठ्याने वाचत होती, "आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा तीन मीटरने जास्त आहे. परिमिती बेचाळीस मीटर. कर्ण काढा." आणि लगेच, "पंधरा."

शेजारच्या ओट्यावरच्या खाटेवर आप्पा उठून बसले. "हाई कोन्हं वावर शे?"

"कोणाचंच नाही, आप्पा. पुस्तकातलं आहे."

"बिगर मालकनं वावर? मंग त मोजनंच पडी."

दहा मिनिटांत आम्ही त्यांच्या खळ्यात उभे होतो. चेतनाने तोंडी सांगितलेल्या बारा आणि नऊवरून आप्पांनी स्वतः कोपरे आखले होते. ए बिंदूवर खुंटी, बी वर सुंदरबाई, सी वर आप्पांचा मुलगा हेमराज आणि डी वर मी, बी.एस्सी., प्रथम श्रेणी.

"चाळीस वरीस व्हयनात," सुंदरबाई म्हणाली, "हाऊ माले कोपरामाच उभी करस."

आप्पांनी खुंटीपासून हेमराजपर्यंत दोरी ताणली. "साडेतेरा."

"पंधरा!"

"दोरी खोटं बोलस नही, माय."

मग मात्र चेतना चिडली. तिथेच मातीत बसून तिने वही उघडली. रुंदी एक्स, लांबी एक्स अधिक तीन. दोन्ही मिळून परिमितीच्या निम्मे, एकवीस. दोन एक्स अधिक तीन बरोबर एकवीस. दोन एक्स बरोबर अठरा. एक्स नऊ, लांबी बारा. प्रत्येक ओळीला आप्पा "काबरं?" विचारत आणि ती दात-ओठ खात कंसात कारण लिही. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, नऊचा एक्क्याऐंशी, बेरीज दोनशे पंचवीस...

तेवढ्यात म्हैस सुटली. हेमराज दोरीचं टोक हातात धरूनच तिच्यामागे पळाला. खुंटी उपटली गेली आणि आमचा कर्ण गावठाणाकडे निघाला.

"डी, तू हालू नको!" आप्पा माझ्यावर ओरडले. मी हलले नाही.

हेमराज धापा टाकत परतला. चेतनाने विचारलं, "काका, कुठे उभे होतात?"

"तू सांगशी तठे."

तिने खुंटी पुन्हा ठोकली, स्वतः बारा आणि नऊ मोजून आम्हाला उभं केलं. दोरी ताणली. पंधरा.

आप्पांनी एकेक गाठ पुन्हा मोजली. मग म्हणाले, "मी चारीमेर अर्धा मीटर बांध सोडेल व्हता. बिगर बांधनं वावर राहस का?"

सोमवारी सरांनी पूर्ण गुण दिले. फक्त नवव्या पायरीभोवती लाल वर्तुळ होतं: "सी बिंदू पुन्हा उभा केला (कारण: म्हैस सुटली)." खाली शेरा: "म्हैस पक्षात दिलेली नाही."

चेतनाने आप्पांना समजावलं, "म्हणजे गणितात म्हैस दिलेली नव्हती."

"देयेल नव्हतीच," आप्पा म्हणाले. "सुटेल व्हती. लिख तसं."

तिने लिहिलं, कारणासकट. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.