मामीचे वाचक

आपल्या वाचकांवर माझ्या मामीइतका जीव टाकणारी लेखिका अख्ख्या देशात दुसरी नसेल, आणि जिच्या वाचकांना वाचताच येत नाही अशीही दुसरी नसेल. मामीने तंजावुरात बसून मराठीत बारा कादंबऱ्या लिहिल्या आहेत. आम्ही इथली मराठी माणसं घरात मराठी बोलतो, म्हणजे तमिळच्या चालीवर बोलतो आणि मध्येच वाक्य इंग्रजीत सोडून देतो. पण शाळा तमिळ, कॉलेज इंग्रजी, तेव्हा देवनागरी कुणाला येणार? मामीला तिच्या वडिलांनी घरी शिकवली. मला येते ती नवऱ्याची सहा वर्षं सोलापूरला बदली होती म्हणून. त्या सहा वर्षांची शिक्षा मी अजून भोगतेय.

कादंबरी पुण्याहून छापून आली की मामी प्रत्येक प्रतीवर सही करते आणि ऑटोने घरोघर जाऊन स्वतःच्या हाताने देते. वीजखात्यातून निवृत्त झालेले आमचे एक अण्णा आहेत. त्यांनी तिची चौथी कादंबरी हॉलमधल्या काचेच्या कपाटात मोठ्या मानाने उभी केली, ती उलटी. मामीने पाहिलं, कॉफी संपवली, निघाली. मी आपली वाटभर तिची समजूत कशी घालायची याची जुळवाजुळव करतेय, तर ऑटोत तीच मला म्हणाली की अण्णांनी निदान दोनदा तरी हातात घेतलेली दिसते, नाहीतर मी दिली तशी सरळच राहिली असती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता मामीच्या घरी ‘वाचकांशी गप्पा’ असतात. वाचक सात-आठ. मामी कांजीवरम नेसून झोपाळ्यावर बसते, पाय मात्र जमिनीला घट्ट, कारण बोलताना झोपाळा हलला तर तिचा विषय हलतो. कुणी प्रश्न विचारला नाही तर ती अडत नाही. “आता तुम्ही विचाराल, मला हे अस्कं सुचतं कसं,” असं स्वतःच म्हणते, आणि मग अस्कं म्हणजे सगळंच्या सगळं सांगते. त्या दुपारी तिला औषधांच्या वेळा आठवत नाहीत, गुडघे आठवत नाहीत. महिन्याचे बाकीचे दिवस ती या एका दुपारच्या आशेवर काढते, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

त्याआधी तिचे आवडते लेखक सांगते, कारण तो प्रश्न दर खेपेला निघतोच. तिरुवैयारूहून बसने येणाऱ्या आमच्या गाण्याच्या टीचर तो नियमाने विचारतात आणि मामी प्रत्येक वेळी प्रथमच ऐकल्यासारखी विचारात पडते. तिचा सर्वांत आवडता लेखक तमिळ साप्ताहिकात क्रमशः लिहायचा. मामी नवी नवरी असताना फुलवाली मोगरा त्या साप्ताहिकाच्या पानांत बांधून द्यायची, म्हणून तिने ती कादंबरी सलग अशी वाचलीच नाही. लेखकाचं नाव वरच्या कोपऱ्यात असायचं आणि तो कोपरा नेमका ओला. त्यातल्या डॉक्टरचं शेवटी काय झालं हे तिला आजतागायत माहीत नाही, आणि त्याबद्दल ती त्या लेखकाशी साठ वर्षं भांडते आहे. दुसरी आवडती लेखिका मराठी, वडिलांच्या पेटीत सापडलेली, पण त्या पुस्तकाला वेष्टण नाही आणि पहिली वीस पानंही नाहीत. थोडक्यात, तिच्या एकाही आवडत्या लेखकाचं नाव तिला ठाऊक नाही. आपलंही पुढे असंच व्हावं, असं ती म्हणते. टीचर मान डोलवतात, त्यांना परत जायची बस गाठायची असते.

तर आता माझं. वाचकांना वाचता येत नाही, यावर मामीने बारा वर्षांपूर्वी तोडगा काढला तो म्हणजे मी. मी रोज एक प्रकरण फोनवर वाचून रेकॉर्ड करायचं आणि ते सगळ्यांना पाठवायचं, म्हणजे त्यांनी भाजी चिरता चिरता ऐकायचं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी कुकर लावायचा आणि त्याच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात कादंबरी वाचायची. पहिल्या चार कादंबऱ्या मी इमानाने वाचल्या. पाचवीत नायिका डांगर पच्चडी कालवते. आमच्याकडे दह्यात उडदाचं पीठ कालवायला पाच मिनिटं पुरतात, मामीच्या नायिकेला अकरा पानं लागली. मी वाचताना पीठ घेतलं आणि मधली पानं गाळून थेट वाढूनच टाकलं. कुणाला पत्ता लागला नाही; मामी आपलं लिहिलेलं स्वतः कधी ऐकत नसे. मग मला चटकच लागली. पावसाची वर्णनं गेली, देवळातले उत्सव गेले, एका नायिकेचा अख्खा दीर गेला. गप्पांत मामी तिच्या कादंबरीविषयी बोलायची आणि वाचक माझ्या. कधी मेळ बसला नाही तर मामी समजून घ्यायची. वाचक विसरतात, म्हणायची, त्यांना संसार असतात.

गेल्या वर्षी तिचे डोळे गेलेच म्हणायचे. डोळ्यांत थेंब घालायला रोज ऑफिसातून मी तिच्याकडे जाऊ लागले. तरीही तिने बारावी कादंबरी लिहायला घेतली. जाड काळ्या पेनने, एका पानावर सहा ओळी, आणि लिहिलेलं तिचं तिलाच दिसत नाही. आज काय लिहिलं हे ती कधी सांगायची नाही, पानांची घडी करून माझ्या पिशवीत टाकायची. या कादंबरीत सुगुणा नावाची म्हातारी मुलाशी भांडते आणि घर सोडून तिरुवैयारूच्या स्टँडवर येऊन एका बसमध्ये बसते. तिथवर मी रेकॉर्ड केलं. पुढे शेवटची चाळीस पानं होती. त्या आठवड्यात सासूबाईंना ताप, ऑफिसात परीक्षांचे फॉर्म, आणि माझ्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. बस सुटली, असं एक वाक्य पदरचं घातलं आणि कादंबरी संपवली. चाळीस पानं तशीच बासनात बांधून ठेवली.

त्यानंतर दोन रविवार मामीने तब्येतीचं कारण सांगून गप्पाच ठेवल्या नाहीत. असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ठेवल्या, तर झोपाळ्यावर बसून ती नुसतीच ऐकत राहिली. अण्णा म्हणाले की ही तुमची सर्वांत उत्तम कादंबरी. टीचर म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग अण्णांनी कौतुकाचा कळस केला. “सगळ्यात चांगलं काय, तर ती बसमधून कुठे गेली ते तुम्ही सांगितलंच नाही.”

मामीने अण्णांच्या आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला, मग माझ्या बाजूला. म्हणाली की हो, कधी कधी न सांगितलेलंच बरं. आणि नेहमीसारखी कॉफी सांगितली.

सगळे गेल्यावर तिने मला जवळ बसवलं. अठ्ठावन्न वर्षांच्या मला ती अजून पाप्पा म्हणते, तमिळमध्ये लहान पोरीला म्हणतात तसं.

“किती पानं सोडलीस, पाप्पा?”

चाळीस, म्हटलं. मग पच्चडी सांगितली, दीर सांगितला, सगळं सांगून टाकलं. दीर गेला तेव्हा ती हसलीसुद्धा.

“कंटाळा आला होता, असं सांग. ते मला दुरुस्त करता येईल.”

“कंटाळा नाही मामी. दमले होते.”

मामी म्हणाली, “म्हणजे तू ती वाचलीच नाहीस. मला वाटलं, वाचून तुला राग आलाय. तीन महिने तू येतेस, थेंब घालतेस, त्या पानांबद्दल एक शब्द बोलत नाहीस.”

मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ती चाळीस पानं घेऊन आले आणि तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचायला लागले. सुगुणा तंजावूरला येऊन एकटी राहते. तिची दृष्टी जाते. रोज संध्याकाळी तिची एक भाची येते, चपला दारात न काढता हातात धरून आत आणते, कारण दारातून परत फिरायचा मोह होईल अशी तिला भीती असते. येते ती उभ्याउभ्याच कामाला लागते, बसली तर उठवणार नाही म्हणून. भाची दमलेली आहे, हे सुगुणाला तिच्या श्वासावरून कळतं. रोज तिच्या मनात येतं की हिला सांगावं, बाई, पुरे झालं, घरी जाऊन पड. पण ती सांगत नाही. सांगितलं आणि ही खरंच यायची थांबली तर? चाळीस पानांत दुसरं काही घडत नाही. संध्याकाळ होते, भाची येते, सुगुणा सांगत नाही.

शेवटच्या पानावरच्या सहा ओळी वाचायला मला बराच वेळ लागला. कुकर नव्हता, शिट्टी नव्हती, कुणाला पाठवायचंही नव्हतं. बारा वर्षं मी या बाईच्या नावाने कुरकुर केली आणि तिने माझी क्षमा मागितली होती ती मी बासनात बांधून ठेवली. मला रडू आवरेना. मामीने चाचपडत माझा हात शोधला.

“दमली असशील,” ती म्हणाली. “घरी जा गे पाप्पा.”

मी दमले तर होतेच. सासूबाईंच्या जेवणाची वेळही झाली होती. पण जा म्हटल्यावर मला उठवेना.