सर बनी यासचं चर्च आणि इराला सांगायची गोष्ट

मंदी येऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि अबू धाबीतली समीरची, म्हणजे माझ्या मुलाची, कंपनी अखेर बंद झालीच. नवी नोकरी मिळाली, पण त्या पगारात कुटुंबाचा व्हिसा बसेना. तो एकटा अजमानला खोलीत चौघांबरोबर राहणार आणि सून वैशाली व नात इरा माझ्याबरोबर नाशिकला येणार, असं ठरलं. अकरा वर्षांच्या इराला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"सांगतो गं आई, जरा मूड बघून," समीर म्हणायचा. मूड सापडत नव्हता. शेवटी म्हणाला, "कुठेतरी फिरायला जाऊ, तिथे सांगतो. तूच ठरव कुठे."

मी म्हटलं, सर बनी यास. त्या बेटावर तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीचं चर्च सापडलंय आणि आता बघता येतं, असं मी वाचलं होतं.

"आई, अरबस्तानात येऊन चर्च?"

त्याला कसं सांगू! आमच्या कॉन्व्हेंटात सातवीला सिस्टरनी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चचा नकाशा वहीत काढायला लावला होता. लहानशी मूळ इमारत, मग शंभर वर्षांनी मनोरा, त्यानंतर ओसरी. मध्येच प्लेग आला, गवंडी मेले, आणि पुढच्यांनी उरलेल्या कमानी वेगळ्याच घडणीच्या बांधल्या. मी चार रंगांत चार शतकं रंगवली होती. ते चर्च बघायचं फार मनात होतं. इंग्लंड काही घडलं नाही.

शुक्रवारी पहाटे समीरच्या घरून, मोहम्मद बिन झायद सिटीतून निघालो. पश्चिमेला सरळ रस्ता, एका हाताला वाळू, दुसऱ्या हाताला मधूनच समुद्र. जबल धन्नाच्या धक्क्यापर्यंत अडीच तास धरा. वाटेत पेट्रोल पंपाशेजारी कडक चहा घेतला. "एक दिरहम, म्हणजे बारा रुपये," मी मोठ्यानं म्हटलं. वैशाली हसली, "आई, अजून गुणाकार सुटला नाही तुमचा." मेथीचे ठेपले घरून नेले होते. बोटीची जागा आधी सांगून ठेवा आणि टोपी विसरू नका. बेटावर सावली कमी आहे.

बेटावर जिराफ आहेत, हरणांचे कळप आहेत. इराला तेच हवं होतं. "फर्स्ट जिराफ्स, आजी, प्लीज!" पण आमचा गाईड, केरळचा जॉबी, म्हणाला, "पहले चर्च, फिर धूप हो जाएगी."

चर्च म्हणजे गुडघाभर उंचीच्या भिंती. इरानं तोंड वाकडं केलं. "इट्स जस्ट वॉल्स!" मी मात्र उंबऱ्याशी सवयीनं चपला काढल्या आणि पाय टेकताच चटका बसला. माझं बघून समीरनंही बूट काढले होते. आम्ही दोघं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागलो.

"अम्मा, चप्पल पहनो! यहाँ कोई नहीं उतारता," जॉबी हसत म्हणाला.

चपला घालून मी विचारलं, पूर्व कुठे? समीरनं सूर्याकडे बोट केलं. "मग वेदी तिकडे. हे मधलं लांब दालन, लोक इथे उभे राहायचे. बाजूला या दोन अरुंद पट्ट्या."

"एकदम सही," जॉबी म्हणाला. "अम्मा पहले आई हैं?"

आले नव्हते, इंग्लंडसाठी शिकलेलं इथे उपयोगी पडत होतं, इतकंच. पण इथे चार रंग लागले नसते. इथल्या मठातल्या ख्रिस्ती साधूंनी काही काळ प्रार्थना केली आणि मग ते निघून गेले. जॉबी सांगत होता, आगीची खूण नाही, लढाईची नाही. शांतपणे गेले.

"देन व्हाय डिड दे लीव्ह?" इरानं विचारलं.

"मालूम नहीं, बेटा."

"समबडी मस्ट हॅव टोल्ड देम."

समीर मटकन एका भिंतीवर बसला. "सर! दीवार पे नहीं!" जॉबी ओरडला. समीर दचकून उठला, आणि त्या गडबडीतच त्याच्या तोंडून निघून गेलं, "इरा, तू आणि आई नाशिकला जाताय. आजीबरोबर. मी इथेच राहणार."

जॉबी हळूच लांब गेला.

"आय नो," इरा म्हणाली. "शाळेच्या ऑफिसमध्ये मला बोलावलं होतं. टीसीवर तुझं नाव बरोबर लिहिलंय का बघायला. थ्री वीक्स अगो."

"मग बोलली का नाहीस?"

"आय वॉज वेटिंग फॉर यू टू से इट, बाबा."

वैशालीनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. टीसीचा अर्ज तिनंच दिला होता. शाळा इराला विचारेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. समीर तिच्यासमोर वाळूत बसला. बराच वेळ ती दोघं काहीतरी बोलत होती. आम्ही सासू-सुना मुद्दाम दुसऱ्या टोकाला भिंती बघत राहिलो. जिराफ नंतर पाहिले, उंच होते.

आता आम्ही तिघी नाशिकला आहोत. त्या चर्चचा फोटो मी मैत्रिणींना दाखवते, त्या म्हणतात, यात बघायचं काय? खरं तर भिंतींहून जास्त मला इराचे ते तीन आठवडे आठवतात. एवढीशी पोर, रोज आमच्यात बसून जेवत होती आणि वाट बघत होती. इंग्लंडला न गेल्याची रुखरुख मात्र राहिली नाही. कशी गेली, कळलं नाही.

दर शुक्रवारी समीरचा फोन येतो. इराची अट आहे, वाईट बातमी आधी. गेल्या शुक्रवारी तो म्हणाला, "वाईट ही, की दिवाळीला सुट्टी नाही."

इरा म्हणाली, "अँड द गुड वन?"

"चांगली अजून नाही, बाळा."

मी तिच्याकडे बघत होते. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ओके, बाबा. थँक्स फॉर टेलिंग मी. यल्ला, चल, आता जेवून घे."